चुरो तळायचाच, एअर फ्रायर कोंचा पावासाठी ठेवा

तळणीचा झारा:
मेक्सिकन गोड पदार्थ एअर फ्रायरमध्ये करायचे म्हटलं की सगळे आधी चुरोच्या मागे लागतात. नेमका तोच त्यात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

चुरो म्हणजे मैद्याच्या उकडीची तळून दालचिनी-साखरेत घोळवलेली कांडी. २५० मिली पाणी, २ मोठे चमचे तेल, १ चमचा साखर, पाव चमचा मीठ उकळायचं. गॅस बंद करून १५० ग्रॅम मैदा एकदम घालायचा आणि गोळा भांड्याची कड सोडेपर्यंत घोटायचं. कोमट झाला की चांदणीच्या नोझलमधून थेट १८० ते १९० अंशांच्या तेलात. तेलाची उष्णता चारी बाजूंनी एकदम लागते, वरचं पाणी उडतं, काही सेकंदांत कवच धरतं आणि आत वाफेवर मऊ शिजतं. बोटभर जाडीच्या चुरोला चारेक मिनिटं पुरतात. मेक्सिको सिटीत १९३५ पासून चालू असलेल्या 'एल मोरो'त तर तेलात भलंमोठं वेटोळं पाडतात, उलटतात, बाहेर काढून कात्रीने तुकडे करतात.

हीच उकड एअर फ्रायरमध्ये घातली की कवच धरायलाच वेळ लागतो. तोवर पृष्ठभाग वाळतो, चिरा पडतात, आतला भाग चिकट राहतो. थंड झाला की वातड. वर लोणी आणि दालचिनी-साखर थापली म्हणून चुरो होत नाही.

मैदानी:
झारासाहेब, निदान बरोबर, पण दोष यंत्राला लावलात. तळणीची उकड तळणीसाठीच असते. एअर फ्रायरसाठी पीठ वेगळं घ्यायचं:

२४० मिली पाणी, ७५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम साखर, चिमूट मीठ (पिवळं खारं बटर असेल तर मीठ नको) उकळून त्यात १२५ ग्रॅम मैदा. मंद आचेवर दोन मिनिटं परतायचं, पातेल्याच्या तळाला पातळ साय धरली पाहिजे. मग बोट सोसवेल इतकं निवू द्यायचं, नाहीतर अंडं घातल्या घातल्या शिजतं आणि गुठळ्या होतात. पहिलं अंडं पूर्ण, दुसरं फेटून थोडंथोडं. पीठ चमच्यावरून जड ओघळायला लागलं की थांबा, दुसरं अंडं संपवायलाच हवं असं नाही.

बटर पेपरवर १० सेंटिमीटरच्या कांड्या पाडून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. ही पायरी टाळली की चांदणीच्या कडा वितळून सपाट होतात. मग हलका तेलाचा फवारा, १९० अंश, १० ते १२ मिनिटं. कांड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा आणि पहिली ८ मिनिटं ड्रॉवर उघडून बघू नका, बसतात. अंड्यामुळे वाफ आत कोंडली जाते आणि भिंत घट्ट होते. आतून पोकळ, वरून कुरकुरीत. वातड अजिबात नाही.

तळणीचा झारा:
म्हणजे एक्लेअरचं, त्या क्रीम भरलेल्या पोकळ पेस्ट्रीचं, पीठ झालं की हे. फक्त नोझल बदललं.

मैदानी:
मेक्सिकोतल्या बऱ्याच घरगुती कृतींत अंडं असतंच. बिनअंड्याचा तेवढा खरा, हा नियम कुठला?

तळणीचा झारा:
अंड्याला माझी हरकत नाही, अंडं घालून तळा ना. हरकत आहे ती न तळता चुरो म्हणण्याला. खाताना वरचा भाग मोडतो तो आवाज ऐका. तळलेल्याचं कवच जाड असतं, साखरेचे दाणे त्याच्या तेलावर आपसूक धरतात. तुमच्या कांडीला वरून ३० ग्रॅम वितळलेलं लोणी फासावं लागतं, आणि लोण्यात पाणी असतं. पाच मिनिटांत साखर ओली, पंधरा मिनिटांत कांडी मऊ.

मैदानी:
त्यावर उपाय आहे. लोण्याऐवजी कडवलेलं पातळ साजूक तूप फासा, त्यात पाणी नसतं. आणि कांडी बाहेर काढल्यावर मिनिटाभराच्या आत घोळवा. साखर साधी दाणेदार, मिक्सरला एकदाच फिरवलेली. पिठीसाखर नको, ती लगेच विरघळून चिकट होते. १०० ग्रॅम साखरेला दीड चहाचा चमचा दालचिनी पूड.

कडू_बदाम:
दालचिनीच्या या प्रमाणाला माझी सूचना. मेक्सिकोत वापरतात ती श्रीलंकेची जात, पातळ पापुद्र्यांची, बोटाने चुरडते, गोडसर. आपल्याकडे किराणा दुकानात बहुतेक वेळा जाड, कठीण सालीची मिळते ती कॅसिया, पुष्कळ तिखट. ती असेल तर प्रमाण निम्मं करा, नाहीतर जीभ चुरचुरते.

पथ्यपाणी:
एक कळत नाही, तेल वाचतं हा मुद्दा कुणी मांडतच नाही? त्यासाठीच तर लोक हे यंत्र घेतात.

तळणीचा झारा:
मांडा की, पण आकडे घेऊन. मैदानींच्या घाण्यात ७५ ग्रॅम लोणी, त्यात साधारण ६० ग्रॅम स्निग्धांश. वरून ३० ग्रॅम तूप. म्हणजे ९० ग्रॅम, १६ कांड्या धरल्या तर प्रत्येकीत साडेपाच ग्रॅमच्या वर. माझ्या उकडीत आधी फक्त दोन चमचे तेल. उरलेलं तळताना शोषलेलं, ते किती हे कढई तळणीच्या आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवून कुणीही पाहू शकतं. तेल नीट तापलेलं असेल तर फरक वाटतो तेवढा निघत नाही, १६० अंशांवर तळलं तर मात्र तेलच प्याल. साखर दोन्हीकडे तीच. पथ्याचा पदार्थ हा कुठल्याच वाटेने होत नाही.

पथ्यपाणी:
आकडा मान्य. तरी लीटरभर तेल तापवून नंतर त्याचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. शिवाय चुरो तेलात फुटतात, ते वेगळंच.

सोऱ्या-पितळी:
फुटण्याबद्दल, कारण हा खरा धोका आहे. गोल, गुळगुळीत भोकातून पाडलेली जाड कांडी तळली की बाहेरचं कवच आधी घट्ट होतं, आतल्या वाफेला वाट मिळत नाही, आणि ती फाटून गरम तेल उडतं. चांदणीच्या कडांमुळे पृष्ठभाग वाढतो, उष्णता लवकर आत जाते आणि फुगायला जागा मिळते. तेव्हा शेवेची चकती लावून चुरो कधीही पाडू नका. पीठ भरताना हवेचे खळगे ठेवू नका, आणि मैदा कोरडा राहिलेली, नीट न घोटलेली उकड तर मुळीच नको.

बिनअंड्याची घट्ट उकड प्लास्टिकच्या पायपिंग बॅगेत भरली तर बॅगच फाटते. मेक्सिको-स्पेनमध्ये त्यासाठी धातूचा दाबयंत्रासारखा साचा असतो, आपला पितळी सोऱ्या तेच काम करतो. फक्त चकलीची चकती बारीक पडते, चुरो आतून मऊ न राहता अख्खा कडक होतो. एका मोठ्या चांदणीची चकती हवी, साधारण १० ते १२ मिलिमीटरची. अंड्याचं पीठ मऊ असतं, त्याला साधी बॅग चालते.

टेक्सासकर:
इकडे फ्रोझन चुरो मिळतात ते एअर फ्रायरमध्ये उत्तम होतात. मग झारासाहेबांचा सिद्धांत कुठे गेला?

तळणीचा झारा:
तिथेच आहे. ते बहुधा कारखान्यात आधी तळूनच गोठवलेले असतात, पाकिटावर घटक वाचा. तुम्ही फक्त गरम करताय. त्यावरून कच्च्या पिठाचा अंदाज बांधू नका. घरचे तळलेले उरले तर मीही १८० अंशांवर तीन मिनिटं त्यातच टाकायला सांगेन, साखर मात्र नंतर.

भट्टीवरची:
चुरोवरच इतका दारूगोळा संपला. शीर्षकातला कोंचा कुठे आहे? मीच लिहिते.

कोंचा म्हणजे वर शिंपल्यासारखी नक्षी असलेला मऊ गोड पाव. मेक्सिकन बेकरीत ट्रे आणि चिमटा घेऊन आपण उचलायचे जे गोड पाव असतात, त्यांतला सर्वांत ओळखीचा. मुळातच भट्टीतला, त्यामुळे पंख्याच्या छोट्या भट्टीत तो का होऊ नये?

आठ नगांसाठी: ३०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४ ग्रॅम मीठ, १ अंडं, १२० मिली कोमट दूध. दहा मिनिटं मळून मग ६० ग्रॅम मऊ लोणी तीन हप्त्यांत. पीठ ताणलं की न फाटता पारदर्शक पडदा दिसला पाहिजे. दुप्पट होऊ द्या, गोळे करा. वरचं आवरण मैदा, पिठीसाखर आणि स्निग्ध पदार्थ समान वजनाने, प्रत्येकी ८० ग्रॅम. निम्म्या भागात थोडा कोको घातला की दोन रंग. दर गोळ्याला ३० ग्रॅम, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये थापून चकती करायची, गोळ्यावर ठेवायची, सुरीने नक्षी. सुरी पावापर्यंत पोचू नये. मग पाऊण तास फुगू द्या, चिरा आपोआप रुंदावतात.

एअर फ्रायर आधी तापवून १५५ अंश, १२ ते १४ मिनिटं. ओव्हनच्या कृतीतले १८० अंश इथे चालत नाहीत. कॉइल डोक्यावर इंचभर असते, वरून करपतो आणि आत कच्चा.

मैदानी:
आता माझी पाळी. कोंचाचं आवरण एअर फ्रायरमध्ये घसरतं, त्याचं काय? लोणी वितळतं, चकती एका बाजूला जाऊन कडेवर गोळा होते.

भट्टीवरची:
सगळं लोणी घेतलं तर घसरणारच. मेक्सिकन बेकऱ्या तिथे वनस्पती तूप वापरतात, ते उशिरा वितळतं आणि तोवर मैदा-साखरेची खपली धरते. निम्मं लोणी, निम्मा डालडा घ्या. गोळ्याला वरून अगदी पुसटसं पाणी लावा म्हणजे चकती चिकटते, फार ओलं केलंत तर उलट घसरेल.

खरी अडचण दुसरीच आहे. बास्केटमध्ये एका वेळी चारच मावतात. उरलेले चार बाहेर ठेवलेत तर जास्त आंबून चपटे होतात. दुसरी चारी नक्षी झाली की लगेच फ्रिजमध्ये, आणि पहिला घाणा आत गेल्यावर बाहेर काढायची. शिवाय बटर पेपर पावाच्या बुडाएवढाच कापा, रिकामा पेपर ठेवून यंत्र तापवू नका. तो उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो.

सोऱ्या-पितळी:
बूड फिकं राहतं, हेही लिहा.

भट्टीवरची:
राहतं. शेवटची दोन मिनिटं पाव बाजूला काढून पेपर ओढून घ्या आणि थेट जाळीवर ठेवा. आवरण तोवर घट्ट झालेलं असतं, पण उलटा करू नका.

नेवरी_प्रेमी:
भोपळ्याच्या एम्पनाडाचा, म्हणजे तिकडच्या भाजलेल्या करंजीचा, कुणी विचार केला का? मेक्सिकोत तिचं सारण काकवीसारख्या चवीच्या पिलोन्सियो गुळात शिजवतात, आपला गडद गूळ तिथे चपखल बसतो. ५०० ग्रॅम लाल भोपळा, १५० ग्रॅम गूळ, दालचिनी, दोन लवंगा. चमचा फिरवला की तळ दिसेपर्यंत आटवायचं. ओलं राहिलं की शिवण उघडतेच. पण आवरण करंजीचंच घेऊ का?

मैदानी:
नको. करंजीच्या पिठात पाव किलो मैद्याला दोन-तीन चमचे मोहन असतं, ते तळणीच्या हिशेबाने. हवेत भाजलं की पापडासारखं कडक होतं. एअर फ्रायरमधली करंजी दाताला लागते ती यामुळेच. २५० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम थंड लोणी चोळा (तिकडे डुकराची चरबी घालतात), १ चमचा बेकिंग पावडर, मावेल तेवढंच थंड दूध, ६० ते ८० मिली. मळू नका, नुसतं एकत्र करा. २० मिनिटं फ्रिजमध्ये. कडा काट्याने दाबा, वर दोन टोचे. १७५ अंश, १३ मिनिटं, मध्ये एकदा उलटा.

तळणीचा झारा:
यावर वाद नाही. भट्टीतला पदार्थ भट्टीत.

पथ्यपाणी:
अंडं चालत नसेल तर मैदानींच्या चुरोत काय घालायचं? दही? केळं?

मैदानी:
काहीच नाही. दह्याने फुगत नाही, केळ्याने नुसता ओलेपणा वाढतो. बिनअंड्याचं हवं असेल तर झारासाहेबांची उकड, आणि तळूनच.

तळणीचा झारा:
हे आधीच लिहिलं असतंत तर निम्मा धागा वाचला असता.

मैदानी:
अंडं खाणाऱ्यांसाठी माझी कृती कायम आहे. तूप फासून करून बघा, मग बोला.