‘अंतःकरणास चुटपुट लागली’ : शब्दार्थ आणि प्रयोग

प्रश्न : बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ, अध्याय 2, वचन 37. पेंटेकॉस्ट या यहुदी सणाच्या दिवशी यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याने केलेले भाषण ऐकून लोकांची काय अवस्था झाली, हे सांगताना प्रचलित मराठी भाषांतरात ‘त्यांच्या अंतःकरणास चुटपुट लागली’ असे शब्द येतात. गाडी थोडक्यात चुकली किंवा जवळच्या लग्नाला जाणे राहून गेले, की आपल्याला चुटपुट लागते. ज्या भाषणानंतर सुमारे 3000 माणसांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच्या परिणामासाठी हा शब्द तोकडा नाही का?

उत्तर : मुळातले ग्रीक क्रियापद ‘कातानुस्सो’ हे निश्चितच अधिक धारदार आहे. त्यातील ‘नुस्सो’ म्हणजे टोचणे, भोसकणे; वधस्तंभावरील येशूच्या कुशीत शिपायाने भाला खुपसला, तेथे योहानाने (19:34) हेच साधे क्रियापद वापरले आहे. नव्या करारात ‘कातानुस्सो’ एकदाच येते, ते येथेच. लॅटिन भाषांतरानेही ‘कोम्पुंक्ती’, म्हणजे ‘विद्ध झालेले’, असा शब्द योजून टोचण्याचा अर्थ राखला आहे.

मग मराठीत ‘शब्द जिव्हारी लागले’ किंवा ‘वर्मी लागले’ असे का म्हणू नये? अडचण अशी, की जिव्हारी लागलेल्या बोलण्याने माणूस बहुधा दुखावतो, चिडतो आणि उलटून बोलतो. आपली चूक कबूल करून पुढची वाट विचारत नाही. असे चिडलेले श्रोते याच ग्रंथात पुढे भेटतात. सातव्या अध्यायात येशूचा अनुयायी स्तेफन यरुशलेमेतल्याच न्यायसभेपुढे जवळपास पेत्राचाच आरोप ठेवतो, की ज्याला देवाने पाठवले त्याचा तुम्ही घात केला. परंतु तेथे श्रोते दातओठ खातात, कान बंद करून घेतात आणि त्याला नगराबाहेर नेऊन दगडमार करतात. ग्रंथकर्त्याने तेथे क्रियापदच बदलले आहे : ‘दियाप्रियो’, म्हणजे करवतीने आरपार कापणे. आरोप एकच असताना एका जमावाला शब्द टोचतात आणि दुसऱ्याला कापत जातात, हा फरक ‘जिव्हारी लागणे’ दोन्हीकडे वापरल्यास पुसून जाईल.

‘त्यांना पश्चात्ताप झाला’ हा सोपा पर्याय तर मुळीच चालणार नाही. पुढच्याच वचनात पेत्र त्यांना ‘पश्चात्ताप करा’ असे सांगतो. तो आधीच झाला असता, तर हे सांगण्याचे प्रयोजन उरले नसते. ‘बंधुजनहो, आम्ही काय करावे?’ हा त्यांचा प्रश्न पश्चात्तापाच्या अलीकडचा आहे, आणि मनाची ही मधली, स्वस्थ बसू न देणारी स्थिती ‘चुटपुट’ शब्दात बऱ्यापैकी उतरते. शिवाय ‘लागणे’ हे क्रियापद नेमके आहे. ठेच लागते, चाहूल लागते, तशी चुटपुटही लागते. ती कोणी ठरवून करून घेत नाही. ग्रीकमधील कर्मणी रूप हेच सांगते, की श्रोत्यांनी काही केले नाही, त्यांच्या मनाला काहीतरी झाले.

(जाता जाता : याच धातूपासून बनलेले ‘कातानुक्सिस’ हे नाम जुन्या करारातील यशयाच्या ग्रंथाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात (29:10) गाढ गुंगीसाठी आले आहे, आणि प्रेषित पौलाने ते रोमकरांस पत्रात (11:8) उद्धृत केले आहे. गुंगीवरून आठवले : त्रोवस नगरात खुद्द पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप अनावर होऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. सुदैवाने तो वाचला.)

पुरवणी प्रश्न : आपले विवेचन मान्य करूनही ‘टोचणी लागली’ हा प्रयोग अधिक योग्य वाटतो. त्यात मूळ धातूचा अर्थ आहे आणि ‘लागणे’ही सुटत नाही.

उत्तर : आपली सूचना रास्त आहे, आणि तिच्या बाजूने आणखी एक कारण देता येईल. आजच्या वापरात चुटपुट बहुधा राहून गेलेल्या गोष्टीची असते, तर टोचणी हातून घडलेल्या गोष्टीची. पेत्राचे शेवटचे वाक्य ‘ज्या येशूला तुम्ही वधस्तंभावर खिळले’ या आरोपाभोवती फिरते. तेथे काही राहून गेल्याची हळहळ नसून घडलेल्या कृत्याची जबाबदारी आहे. मात्र टोचणी आपण ‘मनाला’ किंवा ‘सदसद्विवेकाला’ लागते असे म्हणतो. ‘अंतःकरणास टोचणी’ हा प्रयोग कानाला थोडा अवघडतो, म्हणून भाषांतर नव्याने करायचे झाल्यास मी ‘हे ऐकून त्यांच्या मनाला टोचणी लागली’ असे वाक्य सुचवीन.