आपल्याच गावात पाहुण्यासारखं जेवताना

धागा काढणारा, गारखेडा

परवा पुण्याहून कॉलेजचा मित्र आला. बॅग डिकीत टाकता टाकताच म्हणाला, "आज तुमच्या गावचं काहीतरी खाऊ घाल बाबा." मी छत्रपती संभाजीनगरातच जन्मलो, वाढलो, चिकटलो. तोंडून अजून दिवसातून चारदा औरंगाबाद निघतं, इतका इथला. आणि मला काही सुचेना! शेवटी जालना रोडवरच्या एका एसी हॉटेलात नेलं. काजू करी, पनीर टिक्का, जिरा राईस. मित्र सज्जन. सगळं संपवलं आणि हात पुसत म्हणाला, "छान होतं रे. आमच्या कोथरूडात सेम मिळतं."

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. म्हणून हा धागा. आपापल्या गावात बाहेर पडून काय खाल्लंत, कुठं फसलात, काय उशिरा सापडलं ते लिहा. मराठवाड्यापुरतंच. 'आईच्या हातची सर कशालाच नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याला एक प्लेट भजी दंड. वाईट अनुभव असेल तर दुकानाचं नाव नको, उगाच भांडणं होतात.

घाटीसमोर

गारखेड्याहून शहागंज किती लांब आहे हो? रिक्षानं पंधरा-वीस मिनिटं. तुमच्यासारख्या कितीतरी जणांना तेवढं अंतर तीस-तीस वर्षं कापवत नाही. राग मानू नका, माझे शेजारीही त्यातलेच.

नान खलिया खाल्लाय का कधी? आमच्याकडं लग्न ठरलं की हॉल बघायच्या आधी नानवाल्याची तारीख बघतात. नानवाला वेगळा, खलिया शिजवणारा वेगळा. भट्टीवर जाऊन उभे राहा एकदा. कणकेचा गोळा हातावर थापून पसरवतात, कापडी गादीवर घेतात आणि अख्खा हात भट्टीच्या तोंडात घालून आतल्या भिंतीवर चिकटवतात. हात बाहेर येतो तेव्हा त्यावर केस म्हणून नसतो. नान बाहेर येतं ते पिवळसर, चकचकीत आणि ताटाएवढं. हॉटेलात बटर लावून देतात ते नान वेगळं, त्याच्याशी याचं नातं जोडू नका.

खलिया म्हणजे मटणाचा पातळ रस्सा, वर लाल तरी. नान तोडून त्यात बुडवायचं आणि घाई करायची नाही. नानाला रस्सा प्यायला वेळ द्या. मोठी माणसं सांगतात की 1327 च्या सुमारास तुघलकानं दिल्लीहून राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराला पोसायला हे जेवण निघालं. देगभर रस्सा आणि पोटभरीची रोटी, हजारो माणसांना वाढायला सोपं. राजधानी परत गेली. भट्ट्या इथंच राहिल्या.

तूपसाखर

आम्ही शुद्ध शाकाहारी, तर आमचं काय? गुलमंडीवर गरम इमरती मिळते. पाक निथळत असताना कागदावर घ्यायची आणि तिथंच उभं राहून खायची. घरी आणली की ती नुसती मिठाई होते. बाकी या शहरात शाकाहारी माणसानं जुन्या भागात जायचंच नाही असं कुणी शिकवलं देव जाणे, मीही पस्तिशीपर्यंत ते पाळलं.

एकटी बसले, बीड

माझा अनुभव पदार्थाचा नाही, खुर्चीचा आहे.

शाळेत शिकवते. वय छेचाळीस. मागच्या वर्षीपर्यंत बीडमध्ये मी एकटीनं हॉटेलात बसून कधी खाल्लं नव्हतं. मुलांबरोबर, ह्यांच्याबरोबर, हळदीकुंकवाच्या बायकांबरोबर कितीदा तरी. एकटीनं नाही. पुण्या-मुंबईला ट्रेनिंगला गेले की बिनधास्त खाते, कारण तिथं मला कोण ओळखतं?

त्या दिवशी पेपर तपासणी लांबली. दुपारचे तीन वाजले होते आणि डोकं उठलं होतं. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात शिरले. वेटर म्हणाला, "मॅडम, फॅमिली रूम तिकडं." तिकडं म्हणजे पडदा लावलेला खोपटा, आत ट्यूबलाईट बंद आणि कोपऱ्यात कोल्ड्रिंकचे रिकामे क्रेट. मी म्हणलं, इथंच बसते. "अजून कोण येणारे?" कुणी नाही. "पार्सल का?" नाही रे बाबा, बसून खायचंय. मग त्यानं ग्लासात पाणी ओतलं, पण माझ्याकडं न बघता. शेजारच्या टेबलावर माझ्याच एका माजी विद्यार्थ्याचे वडील. त्यांनी नमस्कार केला आणि खाली मान घालून इतक्या भराभर जेवले की मलाच त्यांची दया आली.

मी शेवभाजी आणि भाकरी मागवली. शेव वरून वेगळी दिली होती, रश्शात घालताच फुगली. तिखट एवढं की नाक वाहायला लागलं. कुणाला वाढायचं नव्हतं, कुणाचं ताट बघायचं नव्हतं, गरम भाकरी मला मिळत होती. तीन खाल्ल्या. घरी माझ्या वाट्याला नेहमी शेवटची, गार झालेली येते. ती मीच ठेवते, कुणाला दोष नाही.

आता महिन्यातून एकदा जाते. वेटर आता विचारत नाही. खोपट्यातले क्रेट मात्र तसेच आहेत.

भाकरतुकडा

ताई, दंडवत.

माझा फसल्याचा किस्सा घ्या. आमच्या गावात एक नवीन मोठं रेस्टॉरंट निघालं. बाहेर बैलगाडीचं चाक, आत कंदील, वेटरच्या डोक्यावर फेटा. मेन्यूत 'अस्सल मराठवाडी थाळी'. आईवडिलांना हौसेनं घेऊन गेलो. चाळीस मिनिटांनी ताट आलं: पनीरची लाल भाजी, बटाट्याची पिवळी भाजी, दाल तडका, गुलाबजाम आणि तळहाताएवढी एक भाकरी. दुसऱ्या भाकरीचे पैसे वेगळे. वडलांनी ती उचलून दोन्ही बाजूंनी बघितली आणि वेटरला विचारलं, "ही दाखवायला आणली का?"

येसराची आमटी नाही, शेंगोळे नाहीत, धपाटे नाहीत, अंबाडी नाही. ठेचा मागितला तर शेजवान चटणी आली. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं त्याचा आमच्याकडं एवढाच परिणाम की ज्वारीच्या भाकरीला लोक आता 'हेल्दी' म्हणतात आणि दर वाढवतात. अहो, परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती' नावाचा ज्वारीचा वाण काढला, जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि जेवायला बसलं की हॉटेलवाला म्हणतो भाकरीला टाईम लागेल, रोटी चालेल का!

मोसंबी

जालन्याचा. आमच्या मोसंबीला 2016 ला जीआय मिळाला. त्याच आठवड्यात एका पार्टीत वेलकम ड्रिंक म्हणून पावडरचा टँग दिला होता. एवढंच लिहायचं होतं.

जगात जर्मनी

भारतात परभणी, पुढचं सांगायची गरज नाही.

'सुशीला' गाड्यावर मिळते हे लिहायला आलो. मुरमुरे भिजवून पिळतात, फोडणीत कांदा-मिरची, वरून डाळ्याचं कूट. पिळायचं कसब आहे त्यात. जास्त भिजले की लगदा, कमी भिजले की दाताला लागतात. आमच्या स्टेशन रोडला पहाटे एक मावशी गाडा लावायच्या. एका हातानं पिळून टोपल्यात टाकायच्या, दुसऱ्या हातानं सुट्टे द्यायच्या. आता त्या जागी मोमोचा स्टॉल आहे. मोमोही बरे असतात, खोटं कशाला बोलू.

पाणीटंचाई बॅच

लातूरला अकरावी-बारावी केली. 'पॅटर्न'वाली पोरं आम्ही, म्हणजे सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास, आणि जेवायला मेस. 2016 चा उन्हाळा आठवतो. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तो एप्रिल. त्याच्या आधीपासूनच आमच्या मेसवाल्या काकूंनी स्टीलची ताटं बंद केली होती. घासायला पाणी कुठलं? पत्रावळीवर वाढायच्या. आमटी पत्रावळीवरून पळायची म्हणून त्यांनी आमटीच घट्ट करायला सुरुवात केली. शेवटी शेवटी ती आमटी भातावर उभी राहायची. एक पोरगं म्हणायचं, "काकू, हिला कापून वाढा."

रात्री भूक लागली की गाड्यावरचा निलंगा राईस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फोडणीचा पिवळाधमक भात, तेल सढळ, लसूण आणि मिरचीचा ठसका. निलंग्याचा म्हणून तसं नाव, पण लातुरात जागोजागी मिळतो. मोठ्या कढईत डोंगर केलेला असतो, गाडेवाला उलथन्यानं त्याच्या पायथ्याचा भात वर चढवत राहतो, त्यामुळं शेवटच्या गिऱ्हाईकालाही गरमच मिळतो. परवा पुण्यात एका ठिकाणी पाटी दिसली 'निलंगा राईस', धावत गेलो. त्यात सिमला मिरची होती. पुढचं बोलत नाही.

गोदाकाठ, नांदेड

मी नांदेडचा, वजिराबादेत दुकान. सचखंड गुरुद्वारा दुकानापासून चालत जायच्या अंतरावर. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना दारापर्यंत सोडायचो, माथा टेकायचो, परत. गुरू गोविंदसिंगजी 1708 मध्ये इथंच ज्योतीजोत समावले, ही माहितीही तोंडपाठ सांगायचो. पण लंगरमध्ये कधी बसलो नाही. का? लाज. आपलं घर असताना फुकट जेवायला बसलेलं कुणी बघितलं तर काय म्हणेल.

बायपासनंतर वडील अशक्त झाले होते, त्यांनीच एकदा हट्ट धरला, चल बसू. डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसलो. मी रोटीसाठी ताट पुढं केलं. वाढणारा म्हातारा सेवादार थांबला, हसला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. रोटी तशी घ्यायची असते, हातांत. ओंजळीत गरम रोटी पडली. माझ्या एका बाजूला पंजाबहून आलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला आमच्याच गल्लीतला हमाल, जो माझ्या दुकानात रोज पोती उतरवतो. तो म्हणाला, "शेठ, तुम्ही आज पहिल्यांदा?" तो बरीच वर्षं येतोय म्हणे. डाळ अशी की वडलांनी दोनदा घेतली, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

धागा हॉटेलांचा आहे, माझं बसत नसेल तर काढून टाका.

धागा काढणारा, गारखेडा

काढत नाही. राहू द्या.

बदलीवर आलेला

मी मूळचा सांगलीचा, बँकेत, लातूरला तीन वर्षं होतो. पहिल्याच डिसेंबरात एके सकाळी उठून चहाला बाहेर पडलो तर गंजगोलाईत शुकशुकाट. त्या चौकाला सोळा रस्ते मिळतात, एरवी पाय ठेवायला जागा नसते. सगळे शटर खाली. मला वाटलं दंगल झाली की काय. एक पोलीस दिसला, म्हणाला, "साहेब, येळवस आहे आज, वेळ अमावस्या. गावात कोण राहतंय? सगळे रानात गेलेत."

खोलीवर बिस्किटं खात बसलो होतो. खालचे घरमालक गाडी काढत होते, त्यांनी वर बघितलं. "उपाशी बसायलाव का? चला की." औशाच्या बाजूला त्यांचं शेत. कडब्याची कोपी, आत पूजा मांडलेली. पुरुषमंडळी 'ओलगे ओलगे' ओरडत रानाला फेरी मारून आली आणि पंगत बसली.

भज्जी पहिल्यांदा बघितली. नाव ऐकून मला भजी वाटली होती. ही तर पातळ-घट्ट भाजी: तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, चार-पाच पालेभाज्या, बेसन, चिंच, सगळं एका पातेल्यात. सोबत बाजरीचे उंडे. मग मातीच्या मडक्यातलं आंबील, ताकात ज्वारीचं पीठ, लसूण घालून आंबवलेलं. दोन तांबे प्यालो आणि ज्वारीच्या फडात गाढ झोपलो. उठलो तर आजींनी अंगावर घोंगडी टाकली होती.

पुढची दोन वर्षं त्या दिवसासाठी रजा टाकली. लातुरातली हॉटेलं मला फारशी आठवत नाहीत.

तूपसाखर

घरमालकीणबाईंचा पत्ता मिळेल का.

धागा काढणारा, गारखेडा

रिपोर्ट देतो. काल रविवार, शहागंजला गेलो. बायको म्हणाली तुम्हीच जा. गाडी लांब लावून आत शिरलो, तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या, पण तिघंही सोबत चार पावलं आले. पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन. देग पालथी घालून एक पोरगं ती घासत होतं. खलिया संपला. नान मात्र होती, दोन घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळून. गाडीतच एकाचा तुकडा तोडला आणि घरी येईपर्यंत अर्धं संपलं. उरलेलं संध्याकाळी चहात बुडवून खाल्लं. बायकोनंही.

घाटीसमोर, तुमच्या नान खलियाला नेमकं किती वाजता यायचं?

घाटीसमोर

बारा. आणि डबा आणा, स्टीलचा, पक्क्या झाकणाचा. प्लास्टिकच्या पिशवीतून तरी गळते. गाडीचं सीट खराब झालं तर भाभी परत पाठवणार नाहीत.