जेएफ-१७ कडून आपण काही शिकणार आहोत की नाही?

धागाकर्ता: शिव्या पडतील तरी लिहितो. जेएफ-१७ या संयुक्त लढाऊ विमानाचा पाकिस्तान-चीनचा करार १९९९ चा, पहिलं उड्डाण २००३ ला, २०१० ला पहिली स्क्वाड्रन (हवाई दलाची विमान-तुकडी) उभी. आपलं तेजस २००१ लाच उडालं होतं आणि स्क्वाड्रन कधी, २०१६! त्यांच्या ब्लॉक १ मध्ये, म्हणजे पहिल्या आवृत्तीत, हवेत इंधन भरायची सोयसुद्धा नव्हती, तरी घेतलं, मग ब्लॉक २ ला ती आली, ब्लॉक ३ ला एसा रडार (अँटेना न फिरवता किरण वळवणारं आधुनिक रडार) आलं. म्हणजे आधी ताफ्यात घ्या आणि वापरत वापरत सुधारा. आपण परिपूर्ण विमानाची वाट बघत बसलो आणि तोवर पायलट मिग-२१ च उडवत राहिले, याचा मला खरंच राग येतो.

ओझरकर: अहो पण यात संयुक्त काय आहे ते सांगा ना. डिझाईनमध्ये मुख्य हात चेंगडू या चिनी विमान कंपनीचा, रडार चिनी, पीएल-१५ क्षेपणास्त्र चिनी, इंजिन रशियाचं आरडी-९३. पाकिस्तानातल्या कामराच्या कारखान्यात एअरफ्रेमचं (विमानाच्या सांगाड्याचं) ५८ टक्के काम होतं, मान्य, पण उद्या चीनने हात आखडला तर? आणि खुद्द चीनच्या हवाई दलाने हे विमान घेतलेलं नाही. आपल्यावर १९९८ च्या अणुचाचणीनंतर तीच वेळ आली, अमेरिकेने तेजससाठीची मदत थांबवली, तेव्हा फ्लाय-बाय-वायरचं, म्हणजे विमान संगणकाच्या मदतीने नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेचं, काम आपल्या लोकांनी इथे बसून पूर्ण केलं. वेळ गेला तो यात गेला, आणि ते ज्ञान आता आपलं आहे.

धागाकर्ता: ज्ञान आपलं, आणि इंजिन? अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ-४०४! २०२१ ला ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, पहिलं आलं मार्च २०२५ ला. हात आखडणं म्हणजे अजून वेगळं काय असतं?

साधा_वाचक: इंजिनावर दोघंही परावलंबी, हा मुद्दा धागाकर्त्याचा बरोबर. पण पाकिस्तानला घाई परवडली कारण त्यांना एफ-१६ मिळायची खात्री नव्हती, आपल्याकडे सुखोई येत होती म्हणून कोणाला घाईच वाटली नाही. खरा दोष तिथे आहे.

ओझरकर: हे पटलं. पण आता नाशिकच्या उत्पादन लाईनवरून तेजसची सुधारित आवृत्ती मार्क-१ए उडालंय, ऑक्टोबर २०२५ ला, आणि त्याआधी सप्टेंबरमध्ये अजून ९७ ची ऑर्डर झालीय. आता बाहेरचं डिझाईन आणायची भाषा नको, कावेरी या आपल्या देशी इंजिनाला पैसा आणि माणसं द्या.

धागाकर्ता: द्या की, माझी ना नाही. पण ४२ स्क्वाड्रन मंजूर असताना २९ वर आलोय, कावेरी तयार होईपर्यंत उडवायचं काय ते पण सांगा.