बेरोजगारी भत्त्याचे अनुभव : अर्ज केव्हा केला, पैसे केव्हा आले, नकार कशामुळे मिळाला?

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)

काल माळ्यावरची पत्र्याची पेटी आवरताना बेरोजगारी भत्त्याच्या अर्जासाठी केलेले, २० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचे एक जुने शपथपत्र हाती लागले आणि २०२०चा सप्टेंबर महिना जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहिला. माझे यजमान भोसरीतील एका लहान प्रेस शॉपमध्ये कामाला होते. टाळेबंदीनंतर जूनमध्ये मालकांनी १४ जणांना फोनवर ‘कळवू तेव्हा या’ असे सांगितले आणि पुढे कधीच कळवले नाही. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची (नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला भत्ता देणारी योजना) माहिती आम्हाला शेजारच्या वहिनींकडून मिळाली. जुलै २०१८मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आधी रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के रक्कम, आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळत असे. २० ऑगस्ट २०२०च्या बैठकीत ती ५० टक्के झाली, २४ मार्चपासून नोकरी गेलेल्यांना लागू झाली, आणि ९० दिवस थांबण्याऐवजी ३० दिवसांनी अर्ज करण्याची मुभा मिळाली. १४,००० पगारावर तीन महिन्यांचे सुमारे २१,००० रुपये होत होते, म्हणजे आमचे थकलेले घरभाडे आणि मुलीची फी.

आम्हाला पैसे मिळाले, हे आधीच कृतज्ञतेने सांगते. पण त्या १४ जणांपैकी कितींनी अर्ज केला, किती जणांना नकार मिळाला आणि कितींना योजनेचा पत्ताच नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही. किती कामगारांना किती कोटी वाटले, हे वर्तमानपत्रांत छापून येते. वाटप किती दिवसांत झाले आणि नाकारलेल्यांपैकी किती जण खरोखर अपात्र होते, हे मात्र सामान्य माणसाच्या वाचनात येत नाही. म्हणून विनंती आहे की आपापले अनुभव तारखांसह लिहावेत.

सातपूरकर

स्वयंपाक व्हायचा आहे, तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही. अट अशी होती की दोन वर्षे विमा असलेली नोकरी हवी, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान कालावधीत (विम्याची वर्गणी मोजण्याच्या सहामाहीत) ७८ दिवस भरलेले हवेत, आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात आणखी ७८ दिवस हवेत. माझ्या भावाने एकाच कारखान्यात, एकाच मशिनवर साडेचार वर्षे काम केले; फक्त ठेकेदार बदलत गेले. प्रत्येक नवा ठेकेदार मध्ये ‘ब्रेक’ देत असे आणि नवा विमा क्रमांक काढत असे. विम्याची कपात मात्र प्रत्येक पगाराच्या पावतीवर दिसते. त्याच्या नावावर तीन क्रमांक होते आणि एकाही क्रमांकावर दोन वर्षे पूर्ण होत नव्हती. ठेकेदाराच्या मुनशीने ‘तुझे बसत नाही’ असे सांगितले, त्याने ते खरे मानले आणि अर्जच केला नाही. आता मला सांगा, तो नाकारलेल्यांत मोजला जाईल की कुठेच नाही?

महासागरापलीकडे

सातपूरकर, कुठेच नाही, हे मी कामाच्या अनुभवावरून सांगते. अमेरिकेतील एका राज्यात मी पाच वर्षे बेकारी विम्याच्या तपासणीचे काम केले. तिथे भत्ता राज्ये देतात आणि केंद्राचे श्रम खाते त्यांच्यावर नजर ठेवते. पहिला हप्ता १४ दिवसांत, आणि जिथे पहिला आठवडा बिनपैशाचा जात नाही अशा राज्यांत २१ दिवसांत, निदान ८७ टक्के लोकांना मिळाला पाहिजे, असा निकष आहे. याशिवाय दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही प्रकरणे निवडून ती पहिल्यापासून पुन्हा तपासतात. राज्याच्या आकारानुसार वर्षाला पैसे दिलेली ३६० किंवा ४८० आणि नाकारलेली ४५० प्रकरणे येतात. नाकारलेल्यांचे तीन गट असतात : मिळकत अपुरी, नोकरी सुटण्याचे कारण, आणि कामासाठी उपलब्ध नसणे यांसारखी इतर कारणे. प्रत्येक गटातून १५०.

एक प्रकरण मी विसरू शकत नाही. रुग्णालयात साफसफाई करणाऱ्या एका बाईंना ‘स्वतःहून नोकरी सोडली’ म्हणून नकार गेला होता. मी फोन केला तेव्हा त्यांनी पर्यवेक्षकाचा मोबाइलवरचा संदेश वाचून दाखवला, ‘सोमवारपासून येऊ नका.’ मालकाच्या कागदावर फक्त ‘राजीनामा’ एवढा एकच शब्द होता आणि राजीनाम्याचे पत्र कुणीच मागितले नव्हते. निर्णय चुकीचा होता, असा शेरा मी नोंदवला. पण तोवर अपिलाची मुदत उलटली होती आणि नियमानुसार तो निर्णय बदलता आला नाही. आमच्या अहवालात एक चूक अचूकपणे मोजली गेली आणि त्या बाईंना एक डॉलरही मिळाला नाही. तपासणी हवीच, पण ती सापडलेली चूक दुरुस्त करू शकली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

एडिसनची वाट

न्यू जर्सीत बेकारी विम्यासाठी कामगाराच्या पगारातूनही कपात होते आणि एच-वन व्हिसावरची (मालकाच्या नावावर मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर आलेली) माणसे त्याला अपवाद नाहीत. २०२२च्या नोव्हेंबरात माझी नोकरी गेली तेव्हा नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला हातात ६० दिवस होते. भत्त्यासाठी ‘कोणतीही योग्य नोकरी धरण्यास मोकळे’ असावे लागते आणि आमचा व्हिसा मालकाशी बांधलेला असल्यामुळे आम्ही सामान्यतः त्यात बसत नाही. मी अर्ज केला नाही. ताई म्हणतात त्या चिठ्ठ्यांमध्ये माझीही चिठ्ठी नव्हती.

सातपूरकर

महासागरापलीकडे, हे सगळे संगणकावर सोपवले तर मुनशी आणि कारकून दोघेही मध्ये येणार नाहीत, असे वाटते. तिथे तसे कुणी केले आहे का?

महासागरापलीकडे

केले आहे, आणि त्याची किंमत फार मोठी होती. मिशिगन राज्याने ऑक्टोबर २०१३पासून मायडास नावाची प्रणाली वापरली. मालकाच्या आणि कामगाराच्या माहितीत फरक दिसला की ती कामगारावर फसवणुकीचा ठपका ठेवत असे आणि घेतलेल्या भत्त्याच्या चौपट दंड लावत असे. ऑगस्ट २०१५पर्यंत सुमारे ४०,००० माणसे त्यात सापडली. केवळ संगणकाने ठरवलेली सुमारे २२,००० प्रकरणे पुढे माणसांनी तपासली तेव्हा त्यांतली ९३ टक्के चुकीची निघाली. तोवर अनेकांचे पगार आणि कराचे परतावे जप्त झाले होते. २०२२मध्ये राज्याने २ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. जिथे माणसाला नकार द्यायचा आहे, तिथे शेवटची सही माणसाचीच हवी.

वहीवाले काका

मी कामगार संघटनेच्या कार्यालयात संध्याकाळी अर्ज भरून देत असे. पूर्वीच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या वेळेपासून, म्हणजे २००५पासून, माझी वही आहे. सातपूरकर, भावाचे तिन्ही क्रमांक, नेमणुकीचे कागद आणि बँकेचे उतारे एकत्र करून क्रमांक जोडून देण्याचा लेखी अर्ज करावा. तोंडी काही विचारू नये आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्जाचे काय झाले ते विचारता येते, त्याला ३० दिवसांची मुदत असते. माझ्या वहीत सर्वांत जास्त नावे भावासारख्यांचीच आहेत. कुणीतरी ‘बसत नाही’ म्हटले आणि ते घरी गेले.

इंद्रायणीकाठ

काका, तुमच्या वहीतील नावे वगळून केवळ तारखा आणि कारणे इथे लिहाल का? माझ्या तारखांपासून सुरुवात करते. नोकरी १२ जून २०२०ला गेली, अर्ज २१ सप्टेंबरला दिला. दावे १५ दिवसांत निकाली काढले जातील, असे तेव्हा जाहीर झाले होते. पैसे २ डिसेंबरला खात्यात आले. मधल्या दिवसांत शपथपत्रातील एक स्पेलिंग दोनदा बदलून द्यावे लागले. नोव्हेंबरमध्ये शपथपत्राची अटच काढून टाकण्यात आली.

सातपूरकर

भावाला आताच फोन केला. दोन क्रमांकांची कार्डे सापडली आहेत, तिसरे वहिनी शोधत आहेत.