किचनची (धूर ओढायची) चिमणी बदलताना वायरिंगचं काय केलंत? अनुभव लिहा

भाकर_ठेचा
शेजारी आज जुनी चिमणी उतरवायलेत. मेन स्विच पाडला तरी टेस्टर पेटला, अन् सगळं जुनं आठवलं. आपल्याकडं लाईटीचा भरोसा नाही, म्हणून घरोघरी इन्व्हर्टर. मेन पाडला की त्याला वाटतं लाईट गेली, तो लगेच बॅटरीवर येतो, अन् बोर्डात 230 व्होल्ट तसेच राहतात. नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद करूनही भागत नाही, कित्येकांत मेनची लाईन आतून सरळ पुढं जाते. दोन्ही बंद करा. लाईन बंद करायच्या आधी टेस्टर चालू बोर्डावर पेटवून बघा, बंद केल्यावर चिमणीच्या जागी, मग परत शेजारच्या घरातल्या चालू बोर्डावर. तुमच्याकडं काय झालं ते लिहा.

लातूरची_लेक
चिमणीला सहा अँपिअरचं तीन पिनी सॉकेट पुरतं. दोन-अडीचशे वॅटची मोटर म्हणजे जेमतेम एक अँपिअर. सॉकेट शेगडीच्या बरोब्बर वर नको, धुराच्या पाईपच्या बाजूला उंचावर घ्या. समोरून बघताना फेज (करंटची वायर) उजवीकडं, न्यूट्रल डावीकडं, अर्थ वर. चिमणीच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. भिंतीतल्या जुन्या वायरिंगला लाल अन् काळी असते, म्हणून रंगावर जाऊ नका, मोजून घ्या.

परभणीकर
प्लगमध्ये अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा. ओढ बसली तर ती सगळ्यात शेवटी निघावी.

माजलगावची_काकू
आमच्या वायरमननं वायर पिळून नुसती टेप गुंडाळलीय. चालतं का?

परभणीकर
नाही काकू. फोडणीच्या वाफेनं टेपचा डिंक सुटतो, तेल आत शिरतं, सैल जोड गरम होऊन काळा पडतो. कनेक्टर लावून झाकणाच्या डबीत बंद करून घ्या. मेन अन् इन्व्हर्टर बंद करूनच डबी उघडायला सांगा.

काळीमाती
अर्थिंगचं कुणीच बोलत नाही! आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, माती अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, अर्थिंग ढिलं पडतं. चिमणीचं अंग पत्र्याचं, हात ओले, खाली फरशी. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल अन् फेज-अर्थचे व्होल्ट जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. पण मीटर अगदी थोडा करंट ओढतो, म्हणून आकडा बरोबर आला तरी अर्थिंग दमदार आहे असं नाही. अर्थ टेस्टर असलेल्या वायरमनकडून मोजून घ्या. अन् 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवाच, एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, ती वायरीला वाचवते.

नांदेड_गोदाकाठ
ड्रिल मारताना बोर्डाच्या सरळ वरची अन् सरळ आडवी पट्टी सोडा, वायरचा पाईप बहुतेक तिथूनच गेलेला असतो. धुराचा पाईप सहा इंची असेल तर सहाच ठेवा, चारवर आणला की आवाज वाढतो अन् धूर परत घरात.

लातूरची_लेक
अन् वाकणं जमेल तितकी कमी. @नांदेड, शेगडीपासून उंची किती ठेवली?

नांदेड_गोदाकाठ
अडीच फुटांच्या आसपास. कंपनीच्या पुस्तकात असेल तीच धरा.

माजलगावची_काकू
नवी चिमणी लाईट गेल्यावर नुसती घुमते, पंखा फिरेना.

काळीमाती
इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (लाईटीसारखा साफ करंट न देणारा) असेल काकू. त्यावर मोटर घुमते, तापते. तेव्हा बंद ठेवा. लाईटीवरही घुमली तर कपॅसिटर (मोटर फिरायला लागणारा भाग) बघा. बदलताना एमएफडी (कपॅसिटरच्या क्षमतेचा आकडा) अन् व्होल्ट जुन्यावर लिहिलेले तेच, अन् प्लग काढून आधी त्यातला चार्ज उतरवायचा.

भाकर_ठेचा
एक राहिलं. गॅसचा वास आला तर चिमणी लावायची नाही, बंदही करायची नाही. बटणाची ठिणगी पुरते. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, तो खाली साचतो. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, अन् बाहेर.

माजलगावची_काकू
बरं झालं सांगितलंत. सूनबाई वास आला की आधी चिमणीच लावती. आताच सांगून येते.