शब्दचर्चा : मणक्याच्या गाठीचं ‘अ‍ॅब्लेशन’ मराठीत कसं लिहावं?

भाषांतरकार, परभणी : संमतीपत्रात ‘सीटी गायडेड अ‍ॅब्लेशन व व्हर्टिब्रोप्लास्टी’ आहे (दुसऱ्याचा अर्थ मणक्यात सिमेंट भरणं). मी ‘प्रतिमा-मार्गदर्शित ऊतक-उच्छेदन’ केलंय. चालेल का? नातेवाइकांना वाचून कळायला हवं.

क्ष-किरणतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर : ‘उच्छेदन’ नको. मुळासकट उपटून काढलं असा अर्थ निघतो आणि इथे गाठ बाहेर येतच नाही. सीटीत बघत सुई गाठीपर्यंत नेतात, टोक तापवतात किंवा गोठवतात, पेशी जागीच मरतात. पुढच्या एमआरआयमध्ये तो मेलेला भाग दिसतोच. ‘गाठ काढली’ असं लिहिलेलं असेल तर घरचे विचारणारच, ‘मग ही अजून कशी दिसते?’ म्हणून ‘गाठ जागच्या जागी नष्ट करणे’. ‘गाठ मारणे’ लिहू नका, ते दोरीचं होतं.

परिचारिका, लातूर : ‘डागणे’सुद्धा टाळा. आपल्याकडे डाग म्हटलं की बिब्बा आठवतो. आणि ‘शेक’ तर अजिबात नको! रेडिएशनलाच पेशंट ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. ‘मणक्याला शेक झालाय’ ऐकलं की पुढचे डॉक्टर तिथे रेडिएशन झालं असं धरतील, आणि मज्जारज्जूला आणखी किती मात्रा सोसेल हा हिशोबच चुकेल.

भाषांतरकार, परभणी : मग तापवणं आणि गोठवणं एकाच शब्दात बसवू का?

क्ष-किरणतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर : नको, धोके वेगळे आहेत. ऑस्टिऑइड ऑस्टिओमासारख्या (हाडातली कर्करोग नसलेली लहान गाठ) दीड-दोन सेंमीच्या आतल्या गाठीला रेडिओफ्रिक्वेन्सीनं, म्हणजे सुईतून वीज सोडून, साधारण ९० अंशांवर ५-६ मिनिटं तापवतात. ६० अंशांना पेशी लगेच मरतात, पण मज्जातंतूला ४५च्या पुढेच इजा व्हायला लागते. म्हणून मज्जारज्जूजवळ तापमान मोजणारी तार ठेवतात आणि मध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) सोडून अंतर वाढवतात. सलाईन नाही, मिठाच्या पाण्यातून वीज वाहते.

गोठवताना सुईच्या टोकाभोवती होणारा बर्फाचा गोळा सीटीत काळसर दिसतो, हा मोठा फायदा. मात्र कठीण हाडात तो नीट दिसत नाही. दिसणारी कड ० अंशाची. पेशी खात्रीनं मरायला उणे २० ते उणे ४० लागतात, म्हणून गोळा गाठीच्या कडेपलीकडे काही मिलिमीटर न्यावा लागतो. तेवढ्या अंतरात मज्जातंतू असेल तर तोही गोठतो. संमतीपत्रात ‘पायाला बधिरपणा किंवा कमजोरी येऊ शकते’ हे यायलाच हवं.

ओटी तंत्रज्ञ, नांदेड : ‘सिमेंट’ बदलू नका, सगळे तेच म्हणतात. फक्त ‘हाडाचं सिमेंट’ लिहा, नाहीतर बांधकामाचं वाटतं. ते अ‍ॅक्रिलिक असतं, सी-आर्मवर (ऑपरेशनवेळी वापरायचं क्ष-किरण यंत्र) दिसावं म्हणून त्यात बेरियम असतं. पातळ असताना ढकललं तर शिरांतून फुप्फुसाकडे जाऊ शकतं. टूथपेस्टइतकं घट्ट झाल्यावरच भरतात. बाजूनं घेतलेल्या दृश्यात ते मणक्याच्या मागच्या पाव भागात पोचलं की थांबायचं. सुईचंही तसंच : समोरच्या दृश्यात टोक पेडिकलच्या (मणक्याला मागच्या कमानीशी जोडणारा हाडाचा खांब) आतल्या कडेला पोचेपर्यंत बाजूच्या दृश्यात ते मणक्याच्या मागच्या भिंतीपुढे गेलेलं असलं पाहिजे. नसेल तर सुई मज्जारज्जूच्या पोकळीत शिरतेय.

क्ष-किरणतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर : सिमेंटनं खचणाऱ्या मणक्याला टेकू मिळतो, दुखणं कमी होतं, गाठ त्यानं जात नाही. हे वेगळ्या वाक्यात लिहा. तसं १९८४मध्ये फ्रान्समधली पहिली व्हर्टिब्रोप्लास्टी मानेच्या दुसऱ्या मणक्यातल्या हिमँजिओमासाठीच (रक्तवाहिन्यांची गाठ) झाली होती, ठिसूळ हाडांचे पेशंट नंतर आले.

परिचारिका, लातूर : ‘दुर्बिणीतून’ कुठे असेल तर खोडा. लहान छेदाच्या कुठल्याही ऑपरेशनला लोक तसं म्हणतात, पण इथे दुर्बीण नसतेच. ‘कण्याची गाठ’ही नको, मज्जारज्जूतल्या गाठीलाही तेच म्हणतात आणि हा उपचार तिच्यासाठी नाही.

भाषांतरकार, परभणी : आता असं : ‘सीटी स्कॅनमध्ये बघत त्वचेतून सुई घालून मणक्याच्या हाडातली गाठ तापवून/गोठवून जागच्या जागी नष्ट करणे, आणि आधारासाठी मणक्यात हाडाचं सिमेंट भरणे.’

ओटी तंत्रज्ञ, नांदेड : ‘तापवून/गोठवून’मधलं एक खोडायला चौकट ठेवा. दोन्ही तसंच राहिलं तर सही कशावर झाली ते कळत नाही.