स्वभाव आणि आवड: करिअर निवडताना आधी काय पाहावे?

धागाकर्ता: स्वभावचाचणी आणि कलचाचणी यांचे निकाल सर्रास एकाच अर्थाने वाचले जातात, हे मला घातक वाटते. कोणते काम करावेसे वाटते हे आवडीवरून कळते. ते काम माणूस कसे करील हे स्वभावावरून. माझ्या परिचयातली एक मुलगी चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून सगळ्यांनी तिला हिशेबाचे काम सुचवले. तीच मुलगी धाकट्या भावाला अपूर्णांक शिकवताना कागदाच्या घड्या घालून, तुकडे फाडून, पुन्हा जुळवून दाखवत तासभर बोलत बसते. अबोलपणामुळे ती भरल्या वर्गापेक्षा एकेकट्याला शिकवणे पसंत करील, पण शिकवण्याची तिची आवड त्यामुळे खोटी ठरत नाही.

प्रतिसाद १: असहमत. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून मांडलेल्या, माणसे आणि कामे सहा प्रकारांत मांडणाऱ्या सिद्धान्ताचा गाभाच असा आहे की व्यवसायाची निवड हा व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार असतो. नव्या अनुभवांची ओढ असलेल्यांचा कल कलेकडे आणि संशोधनाकडे, तर बहिर्मुख माणसांचा नेतृत्वाच्या आणि विक्रीच्या कामांकडे अधिक आढळतो. मग या दोहोंत भिंत कशाला उभारायची?

धागाकर्ता: नाते आहे, पण ते सैल आहे. यंत्रांशी आणि अवजारांशी संबंधित कामांच्या आवडीचा स्वभावाशी जवळजवळ काहीच मेळ आढळत नाही. शिवाय बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कर्तव्यदक्षता हा स्वभावगुण त्यांनी पाहिलेल्या सर्वच व्यवसायगटांत चांगल्या कामासाठी उपयोगी ठरला. जो गुण सगळीकडेच लागतो, तो कोणती वाट धरावी हे कसे सांगणार?

प्रतिसाद २: वाट सांगत नसेल, पण त्या वाटेवर टिकाव लागेल का, हे स्वभावच सांगतो. मला बातमीदारीची मनापासून आवड होती. मात्र अनोळखी माणसाला फोन लावण्याआधी हाताला घाम सुटायचा, आणि दोन वर्षांनी मी ते काम सोडले.

धागाकर्ता: बातमीदारी झेपली नाही, म्हणून तुम्ही लेखनापासूनही दूर गेलात का?

प्रतिसाद २: गेलो, आणि त्याची खंत आजही आहे. पण सुरुवातीलाच कोणी स्वभावाविषयी विचारले असते, तर त्याच कार्यालयातले मुद्रितशोधनाचे टेबल मला तेव्हाच दिसले असते.